मोती, राणी आणि दिंडोरीचा रस्ता
आज पहाटेच निघालो, मी, बायको आणि आमची दोन कुत्री, मोती आणि राणी, मित्राने त्याच्या जुन्या ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटा काढून बेड अन् गॅस बसवलाय ना, तीच गाडी घेऊन नाशिकहून दिंडोरी, तिथून वणी, काही घाई नाही. मार्च म्हणजे आपल्याकडे काय असतं ते सांगायला नको, बांधावर पळस पेटलेला, कांद्याचे डोंगळे पांढरे फुललेले आणि त्यावर मधमाश्यांचा नुसता गुंजारव. राणी खिडकीतून नाक बाहेर काढून पूर्ण रस्ता वास घेत होती.

दिंडोरीच्या पुढे एका बागेपाशी थांबलो, द्राक्षांची काढणी चाललेली. बायका कात्रीने एकेक घड हलकेच फिरवून खराब मणी काढत होत्या, घडाला हात न लावता, फक्त देठाला धरून, वरची पांढरी लव पुसली जाऊ नये म्हणून. पण खाली मण्यांचा सडा, आणि मोतीने तोंड घातलंच! धावत जाऊन जबड्यात बोटं घालून दोन मणी काढले, काळजाचं पाणी झालं माझ्या. कुत्रं पाळणाऱ्यांनो, द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्यांना विषच, किडनी निकामी होते, आणि किती खाल्लं तर चालतं असं काही मापच नाही. लगेच डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले गिळलं असेल तर थांबू नका, आणा. बागेतल्या मावशींनी पाहिलं होतं, म्हणाल्या दोनच घेतले त्याने, तरी आम्ही दाखवून आलो.

संध्याकाळी ओझरखेड धरणाच्या पाण्याकाठी चहा टाकला. मोती आता माझ्या पायावर डोकं ठेवून झोपलाय.