घरच्या लसणाची पूड

गच्चीवरच्या कुंड्यांमधला लसूण वाळवून आज त्याची पूड केली. घरभर असा घमघमाट सुटलाय की विचारू नका!

जात ‘यमुना सफेद’. ज्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाने ती काढली, त्याचं संशोधन केंद्र आपल्या नाशिकजवळ चितेगाव फाट्यावर आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

पाकळ्या सोलून पातळ काप केले, सुती कापडावर पसरले, वरून मलमल. नाशिकचं चैत्रातलं कोरडं ऊन यासाठी वरदानच. ओव्हनची घाई करू नका. लसूण चिरला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) ॲलिसिन तयार करतं, तोच तो झणका. फार तापवलं की ते विकर निकामी होतं. ६० अंशांच्या आत वाळवलं तर बरंचसं टिकतं आणि पूड आमटीत ओली झाली की वास पुन्हा उसळतो.

वाळल्याची खूण सासूबाईंनी दाखवली: “अगं, काप मोडला की काडकन् आवाज आला पाहिजे. वाकला तर परत उन्हात!” लसणात ६० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे परातभर कापांची बरणी जेमतेम भरते.

सगळं एकदम दळू नका. पूड हवेतली ओल ओढून गोळा होते, पावसाळ्यात तर फारच. काप काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली ठेवा, लागतील तसे मिक्सरमधून काढा. थोडं मीठ आणि लाल तिखट घालून गरम भाकरीवर तेलासोबत खाऊन बघाच!