फाझेंद, कार्यालय, कचेरी

पणजीत लेखा संचालनालय आहे त्या इमारतीला अजून 'फाझेंद'च म्हणतात. शब्द पोर्तुगीज, पण मूळ लॅटिनमधलं. तिथे त्याचा अर्थ 'करायच्या गोष्टी'. पुढे मालमत्ता, मग सरकारी खजिना, आणि शेवटी आपल्याकडे तो इमारतीलाच चिकटला.

गंमत म्हणजे 'कार्य' हा शब्दही त्याच साच्यातला. कृ धातूला ण्यत् प्रत्यय लागून कार्य झालं: जे करायला हवं ते, झालेलं काम नव्हे. 'आलय' हे आ + ली यातून आलं. ली म्हणजे चिकटणं, विसावणं. म्हणजे करायचं काम जिथे विसावतं ते कार्यालय! फाईल अडकलेल्या माणसाला ही व्युत्पत्ती लगेच पटेल.

मराठीत घरचं लग्न-मुंजही 'कार्य'च. म्हणून 'मंगल' न लावता नुसतं 'कार्यालय कुठलं ठरलं?' असं विचारलं तरी कुणी नोकरीबद्दल बोलत नाही.

दप्तराचा प्रवास वेगळा. ग्रीकमध्ये कातडं, त्यावर लिहायचे म्हणून फारसीत वही-नोंदी, हिंदीत थेट ऑफिस. मराठी मात्र कागदांपाशीच थांबली: पेशवे दप्तर, दप्तरदिरंगाई, आणि शाळेतल्या पोराच्या पाठीवरचं ओझं. त्यामुळे 'मी दप्तरात आहे' हे मराठीत चालत नाही.

कायद्याच्या मसुद्यात किंवा अर्जात 'कार्यालय' आणि 'कामाचे ठिकाण' यांची अदलाबदल करू नये. खाण, बार्ज, हॉटेलचं स्वयंपाकघर ही कामाची ठिकाणं आहेत, कार्यालयं नव्हेत. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा 'कामाच्या ठिकाणा'बद्दल बोलतो तो याचसाठी. तिथे 'कार्यालय' लिहिलं तर खाणकामगार बाई वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढून निसटते.

आता पाट्यांवरच्या चुका. 'कार्यलय' दिसतं, कारण बोलताना मधला आ आखूड होतो. कार्य + आलय, अ + आ = आ, तेव्हा 'र्या'ला काना हवाच. उलट शौच + आलय यात 'च'ला जोडलेला य मुळातच नाही, तरी 'शौच्यालय' रंगवलेलं असतं.

मामलेदार कचेरीचं अनेकवचन टाइप करताना तर हमखास घोटाळा. साधा र, हलन्त आणि य दिले की रफार चढतो, 'कचेर्या' उमटतं. कार्यालयाला तोच रफार बरोबर, इथे नाही. खाली नुक्ता असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य: कचेऱ्या.