२७ क्रमांकाच्या सादेतला तिसरा स्वर

मागच्या नोंदीत एका छोट्या पक्ष्याच्या सादेच्या २७ क्रमांकाच्या ध्वनिमुद्रणाला मी ‘हिरवट पर्ण वटवट्या’ असे निःशंकपणे नाव दिले होते. ते आज मागे घेतो. तो पक्षी हिरवा पर्ण वटवट्या असावा, आणि चूक माझ्या कानांची नसून मी वापरलेल्या आवाज-सफाईची होती.

हिरवट वटवट्याची साद दोन तुकड्यांची, ‘चिस्-ली’. हिरव्याची बहुधा तीन तुकड्यांची, ‘चि-रि-ली’. मधला ‘रि’ इतका क्षीण असतो की सॉफ्टवेअरने पार्श्वभूमीची खरखर काढताना तोही पुसून टाकला. काल मूळ वेव्ह फाईल उघडून सोनोग्राम (स्वरांची उंची दाखवणारा आवाजाचा आलेख) ताणून पाहिला, तेव्हा दोन गडद रेघांच्या मध्ये एक फिकट राखाडी ठिपका दिसला. प्रतिध्वनी असेल म्हणून तासभर शंका घेतली. पण प्रतिध्वनी मूळ स्वराच्याच उंचीवर उमटला असता, आणि हा ठिपका निराळ्या उंचीवर, ११ पैकी ९ सादांमध्ये त्याच जागी होता. त्या क्षणी झालेला आनंद इथल्या वाचकांनाच कळेल.

पिसाऱ्याची मदत अशा वेळी फारशी होत नाही, कारण हिवाळा सरता सरता पिसे झिजून हिरव्याच्या गळ्यावरची पिवळी झाक विरते आणि पंखावरची पट्टीही पुसट होते. इंग्रज निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाईट यांनी १७६८ मध्ये याच कुळातल्या तीन सारख्या दिसणाऱ्या जाती गाण्यावरून वेगळ्या ओळखल्या होत्या. आज या कुळात सुमारे ८० जाती मोजल्या जातात, तरी कानाला पर्याय नाही. सफाई हवीच असेल तर ती प्रतीवर करावी, आणि रेकॉर्डरचे ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) कायम बंद ठेवावे, हे माझे ठाम मत झाले आहे.

या आठवड्यात चिफचॅफ या याच कुळातल्या वटवट्याच्या सादा लावायच्या होत्या, त्या आता थांबतील. आधी जुन्या सर्व मूळ फाइली पुन्हा तपासतो. लिहिता लिहिता आणखी एक सुचले: हिरवाही कधीकधी दोनच तुकड्यांत बोलतो, त्यामुळे एका सादेवर नाव न देता प्रत्येक पक्ष्याच्या सलग २० सादा मोजाव्यात. त्या हिशेबाने २७ क्रमांकाच्या ११ सादाही अपुऱ्याच, म्हणून त्यापुढे तूर्त प्रश्नचिन्ह ठेवतो.

१४ क्रमांकाची फाईल आत्ता समोर आहे. पानाखाली उलटे लोंबकळून हिरवी अळी ओढणारा हा पक्षी. पहिल्या सात सादांत मधला ठिपका कुठेही नाही.