तुम्ही विचारलंत म्हणून: बॉनेटखालचा डबा

बॉनेट उघडलं की प्रश्न ठरलेला असतो. "हा डबा कसला? मीपण बसवू का?" पहिल्याचं उत्तर विचारणाऱ्याला बहुधा आधीच माहीत असतं. ब्लो-बाय म्हणजे पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली निसटणारा वायू काय, त्याच्या वाटेत बसून त्यातलं तेल अडवणारा डबा म्हणजे ऑइल कॅच कॅन काय, सगळं बघून-वाचून झालेलं असतं. त्याला फक्त माझ्या तोंडून "बसव" ऐकायचं असतं. मी "बघ बाबा, गाडी कुठली त्यावर आहे" म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. मग मागून कानावर येतं: स्वतःच्या पिकअपला लावलाय आणि दुसऱ्याला नको म्हणतोय. नको असं मी कधीच म्हटलेलं नाही. तर आता एकदाचं लिहूनच टाकतो.

माझी गाडी टर्बो डिझेल. ब्रीदरचा पाइप, म्हणजे ब्लो-बायचा वायू बाहेर काढणारी नळी, टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) अलीकडे हवेच्या नळीत शिरतो. तिथून तेलाची वाफ टर्बोतून इंटरकूलरमध्ये, म्हणजे हवा गार करणाऱ्या जाळीत जाते आणि पुढे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, तिला ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी भेटते. नुसती काजळी कोरडी राहिली असती, नुसतं तेल वाहून गेलं असतं. दोन्ही एकत्र आले की काळा चिकट थर बसतो आणि हवेची वाट अरुंद होत जाते. हा थर मी स्वतः चमच्यानं खरवडून काढलेला आहे, त्यामुळे "हे सगळं विकणाऱ्यांचं खूळ आहे" हे माझ्यासमोर तरी बोलू नका. पण तुमची गाडी पेट्रोलची आणि जुन्या पद्धतीची असेल, म्हणजे इंजेक्टर व्हॉल्व्हच्या मागे फवारा मारत असेल, तर पेट्रोलच व्हॉल्व्ह धूत राहतं. तिथं डबा लावून काय साधणार? डायरेक्ट इंजेक्शनची गोष्ट वेगळी, तिथं पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, व्हॉल्व्हवर पडतच नाही.

दुसरा प्रश्न टोमण्याच्या सुरात येतो. "एवढं चांगलं असतं तर कंपनीनंच नसतं का दिलं?" अहो, देतेच की! टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या आत तेल अडवणारे पडदे असतात, काही डिझेल इंजिनांवर ब्रीदरचा वेगळा फिल्टर असतो, आणि अडलेलं तेल आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात उतरतं. मालकानं आठवण ठेवून रिकामं करायचं भांडं मात्र कंपनी देत नाही, कारण तिला आपण कसे आहोत ते ठाऊक आहे. उरलेलं तेल कंपनी इंजिनातच जाळते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ब्लो-बायचा हा वायू एका नळीतून सरळ रस्त्यावर सोडत असत. मग अमेरिकेत, आधी कॅलिफोर्नियात, धुरक्यावर उपाय म्हणून तो परत इंजिनात वळवला गेला. म्हणून "पाइप काढून खाली सोडून दे, डबाबिबा कशाला" असं सुचवणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे, शिवाय तो वास केबिनमध्ये घेऊन गाडी चालवून दाखवा.

बसवण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मूळ पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा बारीक पाइप घेऊ नका. रेडिएटरचा उरलेला पाइप तर मुळीच लावू नका, तो पाण्यासाठी असतो आणि तेलानं आतून फुगून मऊ पडतो. एक्झॉस्टपासून लांब, थंड जागी ब्रॅकेट मारा. इंजिनाकडून येणारा पाइप सतत उतरता हवा. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत होणारं काम आहे.

आता डबा लावलेला असताना गाडीनं दगा दिला त्या हिवाळ्याबद्दल. हे सगळ्यांना अर्धवट माहीत आहे आणि प्रत्येक जण आपापल्या सोयीनं सांगतो.

थंडी कडक होती, रात्री पारा शून्याच्या बराच खाली. गाडीच्या फेऱ्या सगळ्या जवळच्या, इंजिन पुरतं तापायच्या आतच बंद व्हायचं. एक लिटर इंधन जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरवाटे जातं, थोडं रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतं. गरम इंजिन ते वाफ करून बाहेर घालवतं, गार इंजिनाला ते जमत नाही. माझ्या डब्यात तेव्हा निघायचं ते तेल नव्हतंच. दूध जास्त झालेल्या कॉफीच्या रंगाचं, गिळगिळीत, आंबट वासाचं काहीतरी होतं. मी ते नियमानं काढत होतो. हे ठळक करून सांगतो, कारण "त्यानं रिकामाच केला नसेल" ही आवडती अफवा आहे.

त्या सकाळी गाडी सुरू केली आणि काही मिनिटांत बारीक शिट्टी ऐकू आली. मग जळक्या तेलाचा वास. बॉनेट उघडलं तर डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, नळीतून दोन बोटं वर आलेली, भोवती ताजं तेल उडालेलं आणि तेच एक्झॉस्टवर पडून धूर होत होता. इंजिन बंद करून डब्याकडे येणाऱ्या पाइपाची क्लिप सैल केली तशी फुस्सकन हवा सुटली. डबा मोकळा होता. पण डब्याकडून टर्बोकडे परत जाणारा पाइप दाबला तर दाबेचना. आत बर्फाचा बोळा. डब्याच्या किटमधला ब्रॅकेट बॅटरीशेजारीच बसतो आणि तिथून टर्बोपर्यंत पाइप कसाही फिरवा, मध्ये एक खोलगट वळण उरतंच. डब्यातून निसटलेली वाफ तिथं गार होऊन साचली आणि रात्रीत गोठली. डब्यात सुरक्षेचा व्हॉल्व्ह होता, पण तो फिल्टर तुंबला तर वायूला फिल्टर टाळून पुढे सोडतो. पुढची वाटच बंद असेल तर तो तरी काय करणार?

पाइप आत नेऊन वितळवला, परत लावला, गाडी चालू झाली. सुटलो असं वाटलं. काही दिवसांनी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली तेलाचे थेंब दिसले. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं सील. सील हातात मावणारी रबरी कडी, पण ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मिस्त्रींनी सील तळहातावर ठेवलं, डब्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "साहेब, ह्यानं घात केला तुमचा."

त्यांचं बरोबर असेलही. आत दाब वाढला की तो सर्वांत कमजोर जागा शोधतो, हे मला मान्य आहे. पण ते सील गाडीसोबत आलेलं, कडक पडलेलं होतं आणि त्या सांध्यावर ओल आधीपासून होती. मागच्या सर्व्हिसला त्यांनीच ती दाखवली होती, नंतर ते विसरले. शिवाय कडाक्याच्या थंडीत कंपनीचे मूळ ब्रीदर पाइपही काही इंजिनांत गोठतात. मग दोष कोणाचा? डब्याचा, वळणाचा, थंडीचा की वयाचा? मला विचाराल तर चौघांचा. मिस्त्रींना विचाराल तर डब्याचा.

आधी मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, "बसव आणि निवांत हो." तो मी आता भेटलो तर त्याला एकच विचारीन, निवांत कोण झालं? दर ऑइल बदलाला, आणि थंडीत डबा ठेवला तर त्याहून लवकर, बॉनेटखाली हात घालायचा. निघालेला माल परत इंजिनात ओतायचा नाही, त्यात पाणी, इंधन आणि आम्ल असतं. तो जुन्या ऑइलबरोबर जमा करायचा. पण तोही गप्प बसणार नाही. म्हणेल, इंटरकूलरचा पाइप काढलास तेव्हा आधी तेल साचलेलं दिसायचं, आता नुसता पुसट थर आहे, हे कोणामुळे? खरंय. पण त्याच सुमारास मी ऑइलची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपासून जरा खालीच ठेवायला लागलो होतो. चेंबर काठोकाठ भरलं की तेल जास्त उडतं. मग गुण डब्याचा की पातळीचा? डबा नसलेली तशीच दुसरी गाडी, तेच रस्ते, तोच चालक माझ्याकडे असता तर सांगितलं असतं. डब्यातला माल बाटलीत भरून "बघा, हे सगळं इंजिनात गेलं असतं" असं दाखवणाऱ्यांकडेही ती दुसरी गाडी नसते. त्या बाटलीत बऱ्याचदा पाणीही असतं, आणि ते इंजिनात गेलं असतं तर वाफ होऊन निघूनही गेलं असतं.

म्हणून मला विचारायच्या आधी दोन गोष्टी करा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. धूर जोरात धक्के मारत येत असेल तर ते बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे ब्लो-बाय फार वाढलाय. डब्याचा विचार सोडा आणि रिंगा तपासा, डबा लावून तुम्ही फक्त दुखणं झाकाल. तसं नसेल तर इंटरकूलरचा खालचा पाइप काढून आत बोट फिरवा. बोट कोरडं निघालं तर मला फोनही करू नका.

आणि मूळ पाइप फेकू नका. थंडी सुरू झाली की मी डबा उतरवतो आणि तोच पाइप परत चढवतो. मग बाकीचे महिने तरी कशाला लावतो, असं विचाराल. मिस्त्रीही दर वर्षी हेच विचारतात.