आमचे येथे श्रीकृपेकरून वेबसाइट झाली

मी मिरजेत एका छापखान्यात डीटीपी करते. २००३ पासून. लग्नपत्रिका, वास्तुशांती, बारसं, उत्तरकार्याची कार्डं, बिलबुकं, निवडणूक आली की हँडबिलं. लोकांचं एवढं मॅटर बसवलं, पण माझं स्वतःचं म्हणून एक वाक्य कधी कुठं छापून आलं नव्हतं. होती ती फक्त वही. पत्रिकेत काही वेगळं सापडलं की दोनशे पानी वहीत उतरवून ठेवायची सवय. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ कोण लिहितं आणि ‘आमच्या येथे’ कोण, ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ कधीपासून यायला लागलं, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ या किलबिलीत सहा महिन्यांच्या बाळाचंही नाव घालायला लावणारे आजोबा, निमंत्रकांच्या यादीत थोरल्या काकांचं नाव दुसऱ्या ओळीत गेलं म्हणून परत आलेली तीनशे कार्डं. सगळं त्या वहीत.

दिवाळीला भाचा आला. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. वही चाळून म्हणाला, “मावशी, याची वेबसाइट कर.” आणि भाऊबीज आटपून निघून गेला. राहिले मी आणि वही.

मला वाटलं, निम्मं काम झालेलंच आहे. वहीतला बराचसा मजकूर मी फावल्या वेळात श्री-लिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून ठेवला होता. तो उचलायचा आणि चिकटवायचा. चिकटवला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांचा काला. हा काला मला नवा नाही. गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर फाइल घेऊन दुसऱ्या छापखान्यात गेलं की तिथं असंच दिसतं, आणि आम्ही म्हणतो, “फॉन्ट नाही त्यांच्याकडं.” भाच्याला फोन केला तर म्हणाला, “फॉन्टचा प्रश्न नाही मावशी. तुझ्या फाइलमध्ये मराठी नाहीच आहे.”

खरं सांगते, राग आला. वीस वर्षं मराठी टाइप करते आणि हा काल मिसरूड फुटलेला मुलगा सांगतो, मराठी नाही.

पण त्याचं खरं होतं. जुन्या फॉन्टमध्ये जागा इंग्रजी अक्षराची असते आणि तिला चित्र आपल्या अक्षराचं चिकटवलेलं असतं. डोळ्याला क दिसतो, कॉम्प्युटरच्या लेखी ते कुठलंतरी इंग्रजी अक्षर. फॉन्ट काढला की सोंग उतरलं. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणारी सामाईक यादी. तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत आणि प्रत्येक अक्षराला आपला आकडा. क म्हणजे २३२५, मग फॉन्ट कुठलाही असो. ‘श्री’ माझ्या हाताला एकच ठसा म्हणून माहीत होता. आता कळलं की तो चार तुकड्यांचा आहे: श, पाय मोडायची खूण, र आणि दुसरी वेलांटी.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फुकट मिळतात. त्यातल्या एकात फाइल घातली आणि पहिलीच ओळ आली: ‘शुभ आशीवार्द’. खाली ‘कायर्क्रम’. त्याखाली ‘वषर्’. रफार आम्ही अक्षर बसवल्यावर त्याच्या डोक्यावर ठेवतो. युनिकोडला तो र अक्षराच्या आधी हवा असतो. मी वापरलेल्या साधनाला तो मागून पुढं नेता येत नव्हता, म्हणून प्रत्येक रफार एक घर पुढं सरकलेला. लग्नपत्रिकेच्या मजकुरात रफार किती असतात हे मोजायला गेलात तर वेड लागेल. मुहूर्त, कार्यालय, आशीर्वाद, पूर्व, मार्ग. तीन रात्री दुरुस्त करत बसले आणि चौथ्या रात्री ठरवलं, सगळं नव्यानं टाइप करायचं.

तिथं दुसरी पंचाईत. माझा हात टंकलेखनाचा. मराठी ३० ची परीक्षा पास झाल्यापासून बोटं त्याच पाटीवर, म्हणजे कळांच्या त्याच मांडणीवर फिरतात आणि तिथं पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची असते. कॉम्प्युटरमध्ये आयती मिळाली ती इनस्क्रिप्ट, तिथं वेलांटी अक्षरानंतर. ‘विवाह’ लिहायला जावं तर वेलांटी एकटीच गोल टिंबाला चिकटून लोंबकळत राहायची. इनस्क्रिप्ट शिकायची म्हणून महिनाभर झगडले. मग कळलं, टंकलेखनाची पाटी युनिकोडसाठीही मिळते, फक्त वेगळी टाकून घ्यावी लागते. तो महिना कोण भरून देणार?

साइट कशावर करायची, यात मी फार घोळ घातला नाही. तयार साचे बघितले. सगळ्यांवर कॉफीचा कप आणि लॅपटॉप. मला माझं पान मीच लावायचं होतं, म्हणून साधं एचटीएमएल, म्हणजे वेबचं पान ज्या खुणांनी लिहितात ते, हातानं लिहायचं आणि गिटहब या साइटच्या पेजेस सेवेवर ठेवायचं, असं भाच्यानं सुचवलं. तिथं जागेचे पैसे पडत नाहीत. टॅग म्हणजे काय ते मला अर्ध्या तासात कळलं. प्रूफवर आपण खुणा करतो, इथून ठळक, इथं परिच्छेद तोड, तेच हे. फक्त उघडलेली खूण मिटवायला विसरलं की पुढचं सगळं पान ठळक होतं.

धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. वेबच्या पानाला मापच नसतं! पाच बाय सात नाही, ए-फोर नाही, काही नाही. मी छापखान्यातल्या मॉनिटरवर सुरेख दोन कॉलम लावले आणि घरी येऊन मोबाइलवर बघितलं तर मुंगीएवढी अक्षरं. मोबाइलच्या रुंदीप्रमाणं पान बसव असं सांगणारी एक ओळ वर लिहावी लागते, ती मी लिहिली नव्हती. ती लिहिली तर अक्षरं मोठी झाली, पण दोन्ही कडा सारख्या करायच्या माझ्या सवयीनं शब्दांमध्ये भगदाडं पडली. अरुंद पट्टीत ‘निमंत्रणपत्रिकेतील’ असा एक शब्द आला की उरलेल्या दोन शब्दांना ताणून धरावं लागतं. शेवटी उजवी कड मोकळी सोडली. अजूनही बघितलं की हात शिवशिवतो.

छापखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये एक आख्खं पान लिहून सेव्ह केलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं तर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. स्वल्पविराम, पूर्णविराम जागच्या जागी, शब्द गेलेले. सेव्ह करताना खाली यूटीएफ-आठ निवडायचं असतं. तिथं आधीपासून एएनएसआय होतं आणि त्यात देवनागरी मावत नाही. त्यानं इशारा दिला होता म्हणे. मी नेहमीप्रमाणं ओके दाबलं असणार.

आणि ल. नोटो फॉन्ट लावला होता, चांगला आहे, पण ल दिसायचा हिंदी वळणाचा, दंडाचा. मिरजेच्या पत्रिकेत असा ल गेला असता तर मालकांनी कार्डं परत घ्यायला लावली असती. दुसरा फॉन्ट शोधत आठवडा घालवला. उत्तर फॉन्टमध्ये नव्हतंच. पानाच्या पहिल्या ओळीत भाषा कोणती ते लिहायचं असतं आणि मी नमुना जसाच्या तसा उतरवल्यामुळं तिथं इंग्रजी होतं. ती दोन अक्षरं खोडून मराठीसाठीची ‘एमआर’ ही दोन घातली आणि पान ताजं केलं. डोळ्यांदेखत सगळे ल पाकळीचे झाले. त्याच फॉन्टमध्ये दोन्ही वळणं होती, भाषा सांगितल्यावर त्यानं आपली दिली. त्या रात्री मला झोप लागली नाही, आनंदानं.

साइटच्या पत्त्यासाठी नाव विकत घ्यायचं म्हणजे मला देवनागरीतलं ‘.भारत’ हवं होतं, ते २०१४ पासून मिळतं. पण तसा पत्ता कॉपी करून पाठवला की तो पुष्कळदा ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांपासून सुरू होणाऱ्या इंग्रजी गिचमिडीत दिसतो. माझ्या आत्यानं तो उघडला असता का? म्हणून साधं ‘.इन’ घेतलं. विकणाऱ्यानं ईमेल, सुरक्षा, आणखी कायकाय आधीच टिक करून ठेवलेलं. त्या टिका काढता काढता रक्कम निम्म्यावर आली. पुढच्या वर्षीचा दर बघा, पहिल्या वर्षीचा नुसता आमिष असतो.

मग त्या नावाला गिटहबचे आकड्यांतले चार पत्ते जोडायचे: १८५.१९९.१०८.१५३ आणि तिसऱ्या जागी १०९, ११०, १११ असे पुढचे तीन. जोडले. साइट दिसली. दहा मिनिटांनी त्याच जागी विकणाऱ्याची जाहिरात. परत साइट. परत जाहिरात. दिवसभर हा खेळ. भाच्यानं रात्री विचारलं, “आधीचा पत्ता काढलास ना?” नव्हता काढला. चार माझे आणि एक त्यांचा, ज्याचा नंबर लागेल तो उघडायचा. काढला, आणि सकाळपर्यंत पत्त्याशेजारी कुलूपही आलं.

पहिलं पान कोणतं टाकायचं हे मात्र मला पहिल्यापासून माहीत होतं. काही वर्षांपूर्वी एक बाई मुलीच्या लग्नाचं प्रूफ बघायला आल्या होत्या. दिरांनी मॅटर दिलेलं, त्यात बाईंच्या नावामागं ‘गं. भा.’. त्यांनी माझ्या टेबलावरचा लाल पेन उचलला, ती दोन अक्षरं खोडली आणि वर काहीच लिहिलं नाही. मी विचारलं, “श्रीमती घालू का?” म्हणाल्या, “नुसतं नाव घाला की. पुरेल.” दुसऱ्या दिवशी दीर आले आणि पुन्हा घालायला सांगून गेले. मी घातलं नाही. कार्डं तशीच गेली, मालकांची बोलणी खाल्ली. त्यानंतर मी प्रत्येक पत्रिकेच्या वेळी, ज्या बाईचं नाव आहे तिला फोन करून विचारते. बऱ्याच जणी ‘काढा’ म्हणतात. काही जणी ‘राहू दे, सासूबाईंना वाईट वाटेल’ म्हणतात. हे सगळं, कुणाचं नाव न घेता, पहिल्या पानावर आहे.

मालकांना सांगितलं नव्हतं. गेल्या शनिवारी कुणीतरी त्यांना पत्ता पाठवला. दुपारी चहा संपल्यावर ते मोबाइल घेऊन माझ्या टेबलाशी आले, चष्मा कपाळावर, आणि उभ्या उभ्या ते पान शेवटपर्यंत वाचलं. मी की-बोर्डकडं बघत बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून लाल पेन काढला, काचेवर टेकवणार एवढ्यात थांबले आणि टोपणानं एका जागी टकटक केलं.

“ताई, इथं रफार सरकलाय.”