सत्तावन्नातून त्रेसष्टात

वजनकाट्यावर ५६.६ आलं आणि मला आनंदानं रडू फुटलं. सहा दिवसांपूर्वी मी ५८.९ होते. भाकरी-भात बंद, मीठ बंद आणि शेवटच्या दिवशी पाणीसुद्धा घोट घोट. माझी ही पहिलीच जिल्हा पॉवरलिफ्टिंग स्पर्धा होती. ५७ किलो गटात नाव दिलं होतं, म्हणून त्या गटात बसायचंच, एवढंच डोक्यात होतं.

आमच्या खेळात वजन आदल्या दिवशी घेत नाहीत, स्पर्धेच्या दोन तास आधी घ्यायला सुरुवात होते. तेवढ्या वेळात केळी खाल्ली, मीठ-साखरेचं पाणी प्यायले, पण सुकलेलं अंग दोन तासांत भरून येत नाही. महिनाभर आधी सरावात ९७.५ किलोचा स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बसून उठणं) मारला होता. त्या दिवशी ९० कसाबसा पास झाला, ९५ दोनदा फसला. बेंचला (बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलणं) ४२.५ झाले, पण ४५ ला पंचांनी 'प्रेस' म्हणायच्या आधीच बार ढकलला आणि तिन्ही दिवे लाल लागले, म्हणजे लिफ्ट बाद. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलणं, ११२.५. तिन्हींची टोटल २४५.

त्यात पट्ट्याचं प्रकरण झालं. बाजारातला चांगला पट्टा परवडत नव्हता, म्हणून आमच्या कोल्हापुरातल्या सुभाषनगरच्या एका चप्पल करणाऱ्या काकांकडून पक्क्या कातड्याचा शिवून घेतला होता. काय काम होतं ते! दुहेरी शिलाई, कडा घासून गुळगुळीत. पण साहित्य तपासताना पंचांनी टेप लावली तर रुंदी ११ सेंटिमीटर. नियम १० चा. माप मीच अंदाजानं सांगितलं होतं, काकांचा काही दोष नव्हता. दुसऱ्या मुलीचा पट्टा मागून घेतला, तो शेवटच्या भोकालाही सैल. पट्टा कमरेला आधार देतो असं बऱ्याच जणांना वाटतं. मुळात तो पोटाला टेकायला भिंत देतो. श्वास भरून पोट त्या भिंतीवर दाबलं की आतला दाब वाढतो आणि धड ताठ राहतं. पट्टा सैल असला की भिंतच लांब जाते.

घरी आले तेव्हा आबा सोप्यात बसले होते. उमेदीची दहा वर्षं त्यांनी गंगावेश तालमीत काढलीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खाशाबा जाधव लंडन ऑलिंपिकला गेले तवा ५२ किलोत खेळले. सहावे आले. चार वर्सांनी हेलसिंकीला ५७ किलोत उतरले आणि ब्राँझ आणलं. अंग वाढलं तर त्येला वाढू द्यावं की गं. उपाशी पोटानं कुस्ती हुती व्हय?"

दुसऱ्या दिवशी जिममधल्या सरांनीही तेच सांगितलं, वेगळ्या शब्दांत. "तुझी उंची १६२. या उंचीला ५७ किलोत मांस कमी पडतं. त्याच गटातली १५० ची मुलगी बघ. तेवढंच वजन आखूड हाडांवर बसलंय आणि बारही कमी अंतर उचलायचाय. तू ६३ ची आहेस."

हा हिशोब मला माझ्या नोकरीतून नीट कळला. मी शिवाजी उद्यमनगरात एका फाउंड्रीच्या ऑफिसात बिलं करते. कास्टिंगची सगळी मापं दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण काप घेतला तर त्याचं क्षेत्रफळ चौपटच भरतं. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे त्या कापावर अवलंबून असते. म्हणून मोठं शरीर एकूण जास्त उचलतं, पण स्वतःच्या वजनाच्या मानानं लहान शरीर पुढे असतं. वजनगट याचसाठी आहेत. आणि वेगवेगळ्या गटांतल्या दोघींची तुलना करायची तर नुसता भागाकार चालत नाही, गुणांचं सूत्र लावावं लागतं. जागतिक संघटना २०२० पासून जीएल गुण वापरते, २०१८ पर्यंत बरीच वर्षं विल्क्स नावाचं सूत्र होतं. माझे २४५ जीएलच्या सूत्रात घातले तर ५७.८ गुण आले. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

मधे एक वाट फुटली होती. आमच्या जिममधल्या एक ताई इक्विप्ड प्रकारात खेळतात. मी खेळते त्या क्लासिकमध्ये पट्टा, मनगटाचे रॅप (गुंडाळायच्या पट्ट्या) आणि गुडघ्याला स्लीव्ह (मोज्यासारखं आवरण) एवढंच चालतं. इक्विप्डमध्ये घट्ट सूट, बेंच शर्ट आणि गुडघ्याला दोन मीटरपर्यंतचे रॅप. कुणीतरी म्हणालं, "वजन कशाला वाढवतेस? शर्ट घाल, बेंच वाढेल." ताईंनी मोठ्या मनानं त्यांचा जुना शर्ट दिला. तो घालायलाच दोघी जणी लागल्या. हात पुढे काढून ठेवल्यासारखे ताठ. बारवर ४० घेतले, बार छातीपासून चार बोटं वरच थांबला. ४५ ला तेच. बार छातीला टेकला नाही तर लिफ्ट धरतच नाहीत, आणि टेकवायचा तर कापडाला हरवेल एवढं वजन हवं. ते वजन उचलायची माझी अजून ताकदच नव्हती.

तेव्हा मला त्या कपड्याचं काम समजलं. खाली येताना ते ताणलं जातं आणि तळातून वर येताना तो ताण परत देतं. म्हणून बेंच आणि स्क्वॉटला त्याचा फायदा मोठा. डेडलिफ्टला कमी, कारण तिथे बार जमिनीवरूनच निघतो, खाली येताना ताण साठवायची सोय नाही. कपडा अंगाबरहुकूम लागतो, चार किलो वाढले-घटले की त्याचं वागणं बदलतं. ताई आठ वर्षं त्यात खेळताहेत आणि त्यांचं कसब वेगळंच आहे, बार नेमका कुठे टेकवायचा, कोपर कधी उघडायचं. याला फसवणूक म्हणणाऱ्यांशी मी भांडते. पण ज्या मुलीचं अंगच अजून ठरायचंय, तिनं आधी अंग ठरवावं असं माझं ठाम मत झालं. शर्ट परत केला.

मग चौदा महिने खाल्लं. सकाळी दूध, चार अंडी, डब्यात दोनच्या जागी तीन भाकऱ्या, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, रविवारी मटण आणि पांढरा रस्सा. महिन्याला अर्ध्या किलोहूनही कमी वाढ, मुद्दाम सावकाश. बार वाढत नसेल आणि नुसता काटा वाढत असेल तर सर खाणं कमी करायला लावायचे.

सगळ्यात जड होतं ते घरातलं. ब्लाउज दोनदा उसवावे लागले. मावशी म्हणाली, "स्थळं बघायच्या वयात मुली बारीक होतात, आणि ही?" आई त्यावेळी काही बोलली नाही, पण रात्री भांडी घासताना म्हणाली, "लोक मलाच बोलत्यात गं." मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी मी तिला जिमला घेऊन गेले. १०० किलोचा बार जमिनीवरून उचलून दाखवला. ती जवळ आली, बारला हात लावला, एका टोकाला हलवून बघायचा प्रयत्न केला. त्यानंतर तिसरी भाकरी तीच न सांगता बांधायला लागली.

पुढच्या जिल्हा स्पर्धेला काट्यावर ६२.४ आलं. सकाळी पोटभर पोहे खाऊन गेले होते. स्क्वॉट १०७.५. बेंचला 'प्रेस' ऐकू येईपर्यंत बार छातीवर धरून ठेवला, ५० पास. शेवटच्या डेडलिफ्टला १२७.५ लावले. गुडघ्याच्या वर बार क्षणभर अडला, वाटलं गेला, पण हात लांब असल्याचा फायदा तिथे मिळतो, खांदे मागे गेले आणि 'डाउन' ऐकू आलं. तीन पांढरे दिवे. टोटल २८५, गुण ६२.७. म्हणजे वाढलेलं वजन धरूनही मी आधीपेक्षा ताकदवान झाले होते, नुसती मोठी झाले नव्हते. गटात तिसरी आले. पहिल्या दोघी माझ्यापेक्षा बुटक्या आणि भरलेल्या होत्या, आणि ते बघून मला पुढचं वर्ष दिसलं.

पदक आबांच्या हातात दिलं. त्यांनी आधी विचारलं, "जेवून गेलीस न्हवं?"

गेल्या आठवड्यात सुभाषनगरला परत गेले होते. आमच्या जिममध्ये एक नवीन मुलगी आलीय, ४७ किलोची, तिच्या सरावासाठी पट्टा टाकायचा होता. काकांनी टेप काढली. या वेळी मी कागदावर लिहूनच नेलं होतं: रुंदी १० सेंटिमीटर, जाडी १३ मिलिमीटरच्या आत, आणि भोकं जवळजवळ पाडा, तिचं अंग वाढणार आहे.