टेक्सासमधल्या जुन्या केसचे कागद कसे मिळवले – माझा अनुभव

ग्रीन कार्डवाल्यांनो, अमेरिकन सिटिझनशिपचा एन-४०० फॉर्म भरणार असाल आणि मागे कधीही अटक झालेली असेल तर हे वाचाच. माझ्या भावाला विद्यार्थी असताना टेक्सासमध्ये दुकानातल्या किरकोळ चोरीच्या आरोपावरून पकडलं होतं, केस डिसमिस झाली (कोर्टाने काढून टाकली), सगळे विसरून गेलो. पण फॉर्ममध्ये अटकेचं सरळ विचारतात, केस सुटली असली तरी सांगावंच लागतं आणि कोर्टाचा शिक्का असलेला निकाल जोडावा लागतो. त्याच्याकडे एकही कागद नव्हता, मग शोधायचं काम मी अंगावर घेतलं.

गूगल केलं की आधी पैसे मागणाऱ्या खासगी साइट्सच येतात, त्यांच्या नादी लागू नका, त्यांचा प्रिंटआउट म्हणजे कोर्टाचा कागद नव्हे. राज्याच्या डीपीएसची (सार्वजनिक सुरक्षा खात्याची) साइट आहे, पण तिथल्या नावाच्या सर्चमध्ये फक्त गुन्हा सिद्ध झालेल्या आणि डिफर्ड अॅडज्युडिकेशनच्या (दोषी न ठरवता काही काळ देखरेखीखाली ठेवलेल्या) केसेस दिसतात, डिसमिस झालेली दिसतच नाही. म्हणजे केस चालली त्या काउंटीकडेच (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जायचं, आणि काउंट्या आहेत २५४! विस्कॉन्सिनमध्ये कसं अख्ख्या राज्याचं एकाच साइटवर फुकट दिसतं, तसं इथे नाही. शहराच्या नावावरूनही काउंटी ठरवू नका, एकटं डॅलस शहर पाच काउंट्यांत पसरलंय.

काउंटी कळली की बहुतेक ठिकाणी मिसडिमीनर (किरकोळ गुन्हा) क्लास ए, बी असेल तर काउंटी क्लार्क (कोर्टाचे कागद सांभाळणारं ऑफिस), फेलनी (गंभीर गुन्हा) असेल तर डिस्ट्रिक्ट क्लार्क, आणि सगळ्यात हलका क्लास सी असेल तर जेपी (जस्टिस ऑफ द पीस) नाहीतर म्युनिसिपल कोर्ट, यांच्याकडे कागद मिळतात.

खरी अडचण आपल्या नावांची. काउंटीच्या सर्चमध्ये पूर्ण नाव टाकलं तर काहीच येईना, शेवटी नुसतं पहिलं नाव आणि जन्मतारीख टाकली (महिना आधी बरं का) तेव्हा सापडलं, त्यांनी वडिलांचं नाव आडनावाच्या जागी घातलं होतं. तिथून कॉज नंबर (केसचा नंबर) उतरवून घेतला, तो हातात आला की क्लार्कच्या ऑफिसात काम पटकन होतं. साधी कॉपी नको, सर्टिफाइड डिस्पोझिशनच (शिक्का असलेला निकाल) मागा. अटकेचा रिपोर्ट कोर्टाकडे मागू नका, ज्या पोलिसांनी पकडलं त्यांच्याकडे पब्लिक इन्फर्मेशन अॅक्टखाली (टेक्सासचा माहिती अधिकाराचा कायदा) लेखी अर्ज करायचा.

आणि कोणी एक्सपंक्शन करून (कोर्टाच्या आदेशाने) रेकॉर्ड पुसून घ्यायचा विचार करत असेल तर कृपा करून आधी सर्टिफाइड कॉपीज काढून ठेवा, नंतर क्लार्ककडे द्यायला काही उरत नाही आणि इमिग्रेशनवाले तरीही मागतात. याबाबत इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका.